वारसा-नियोजन

व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिची मालमत्ता कोणाकडे जावी, याची तिच्या हयातीतच केलेली विधियुक्त व्यवस्था. मृत्युपत्र, बक्षीसपत्र, वाटणीपत्र व न्यासपत्र ही तिची प्रमुख साधने होत. भारतात या कामासाठी वकिलाला वेगळी सनद लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी ते सामान्यतः दिवाणी वकिलीचाच भाग असते.

यवतमाळसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात मालमत्ता म्हणजे मुख्यत्वे जमीन. तेथे वकिलास प्रथम लागू विधी कोणता, हे ठरवावे लागते. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता मरण पावल्यास १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार मुलगा, मुलगी, विधवा व आई यांना समान हिस्से मिळतात. एकत्र कुटुंबात मुलींना जन्मतः सहदायादाचा हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये, विवाहितांचा अपवाद करून, मिळाला. २००५ च्या केंद्रीय सुधारणेने तो अपवाद राहिला नाही. मुस्लिम विधीप्रमाणे वारसांच्या संमतीवाचून एक-तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोंड, कोलाम इ. अनुसूचित जमातींना १९५६ चा अधिनियम केंद्र शासनाच्या अधिसूचनेखेरीज लागू होत नाही. त्यांच्यात रूढी पाहिली जाते. तथापि स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झाली नसता त्यांना समान हिस्सा नाकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगढमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात १७ जुलै २०२५ रोजी दिला.

हिंदूच्या मृत्युपत्रावर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमानुसार कर्त्याची सही वा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. त्यास मुद्रांक लागत नाही व नोंदणी ऐच्छिक असते. पुढे न्यायालयात ते शाबीत करण्यासाठी हयात साक्षीदार लागतो. म्हणून कर्त्याहून लहान वयाचे व गावातच राहणारे साक्षीदार निवडणे हिताचे ठरते.

मृत्यूनंतर वारसांनी १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची असते. त्यावरून होणारी फेरफार नोंद महसुलाच्या प्रयोजनापुरती असते. तिने मालकी निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच निकालात काढते. व्यवहारात मात्र सातबाऱ्यावर नाव नसलेल्या विधवेस पीककर्ज मिळणे दुरापास्त होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रासलेल्या या जिल्ह्यात तिचा हक्क कागदावर व कब्जात उतरविणे, हे या वकिलीचे खरे प्रयोजन होय.