कॅम्पर व्हॅन बंद पडली, आता? बिघाड शोधायची साधी पद्धत

(एपिसोडचं लेखी रूप. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' वगैरे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

००:०० सुरुवात

कॅम्पर व्हॅनचे रील्स आपण सगळेच बघतो. समुद्रकिनारा, उघडं मागचं दार, हातात चहा. पण त्या रीलमध्ये रात्री अडीच वाजता बंद पडलेला फ्रिज दिसत नाही आणि घाटात वास मारणारे ब्रेकही दिसत नाहीत. आजचा एपिसोड त्यावर आहे.

मी कामाने सॉफ्टवेअरवाला. आम्ही चार मित्रांनी मिळून एक सेकंडहँड व्हॅन घेतली, आतून घरासारखी बदललेली. दोन वर्षांत तिने बरंच शिकवलं. आज पार्टची नावं कमी आणि बिघाड *शोधायचा* कसा हे जास्त सांगणार आहे. कारण दुरुस्ती गॅरेजवाले काका करतील, पण काय बिघडलंय हेच माहीत नसेल तर अंदाजाने पार्ट बदलले जातात आणि बिल आपल्या नावावर फाटतं.

०१:१० गाडी बिघडली की घर?

कॅम्पर म्हणजे एका चेसिसवर राहणारी दोन वेगळी बिऱ्हाडं. पहिलं गाडीचं: इंजिन, स्टार्टर, अल्टरनेटर, हेडलाइट आणि स्टार्टरची बॅटरी. दुसरं घराचं: दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप आणि त्यांची वेगळी बॅटरी. शिवाय इन्व्हर्टरमधून किंवा बाहेरच्या प्लगमधून येणारी २३० व्होल्टची तिसरी लाइन.

म्हणून काहीही बंद पडलं की पहिला प्रश्न हा: कुठल्या बाजूचं बंद पडलंय? पंप, दिवे, फ्रिज सगळं एकदम गेलं तर घराची बॅटरी किंवा तिचा मुख्य फ्यूज बघा. फक्त पंप गेला तर पंपाचा फ्यूज, स्विच आणि वायर. इन्व्हर्टरवरचंच बंद असेल आणि १२ व्होल्टचे दिवे चालू असतील, तर गडबड इन्व्हर्टरच्या आसपास. हे दोन मिनिटांचं काम आहे, पण यातच अर्धा शोध संपतो.

०२:२० मल्टिमीटर: पाचशे रुपयांच्या आतलं शहाणपण

एक साधा डिजिटल मल्टिमीटर गाडीत ठेवाच. सुरुवातीला डीसी व्होल्टवर ठेवला की पुरे. हे आकडे फोनमध्ये सेव्ह करा:

- लेड-ॲसिड बॅटरी, काही तास विश्रांतीनंतर: १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास उतरलेली.
- इंजिन चालू असताना स्टार्टरच्या बॅटरीवर: साधारण १३.८ ते १४.४. इंजिन चालू करूनही १२.४ च दिसत असेल तर चार्जिंग होत नाहीये.
- स्टार्टर मारताना: ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी दमलीय किंवा टर्मिनल सैल आहे.

नव्या व्हॅनमध्ये बऱ्याचदा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असते. तिच्यावर व्होल्टेजवरून किती चार्ज उरलाय हे सांगता येत नाही, कारण बराच वेळ ती १३ व्होल्टच्या आसपासच राहते आणि शेवटी एकदम खाली येते. तिला करंट मोजणारा बॅटरी मॉनिटर लागतो. आणि ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. स्पिती, लडाखला सकाळी ऊन पडूनही सोलरवर चार्जिंग होत नसेल, तर बॅटरीच्या आतलं सर्किट तिला वाचवतंय हे आधी लक्षात घ्या. सोलर पॅनेलला शिव्या नंतर द्या.

०४:०० फ्रिजची गोष्ट: बॅटरी चांगली होती

आता एक खरी केस, कारण यात पूर्ण पद्धत आहे.

आमचा १२ व्होल्टचा फ्रिज दिवसा चालायचा आणि रात्री कट व्हायचा. एका गॅरेजने ऐकूनच सांगितलं, "बॅटरी गेली, नवीन टाका." खर्च अठरा हजार. बॅटरीवर मीटर लावला तर १२.६. फ्रिजच्या प्लगवर लावला, तिथेही १२.६. म्हणजे वायर ठीक, मग बॅटरीच खराब, असंच कुणालाही वाटेल.

इथेच गोम आहे. फ्रिज *बंद* असताना मोजलं तर वायरमधून करंट जातच नसतो आणि करंट नसेल तर खराब जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. नळ बंद असताना अर्धा तुंबलेला पाइपसुद्धा पूर्ण प्रेशर दाखवतो ना, तसंच. नळ सोडला की खरं कळतं.

म्हणून कॉम्प्रेसर चालू असताना मोजलं. बॅटरीवर १२.५, फ्रिजवर १०.८. म्हणजे १.७ व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होत होते. रात्री बॅटरी थोडी उतरली की फ्रिजवरचं व्होल्टेज त्याच्या कट-ऑफपर्यंत पोचायचं. आमच्या फ्रिजचा कट-ऑफ १०.४ आहे.

आता हे १.७ कुठे जातात ते शोधायचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी फ्रिजच्या प्लसवर, फ्रिज चालूच. आला ०.३. ठीक आहे, लांब वायर आहे. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी फ्रिजच्या मायनसवर. आला १.४! म्हणजे चोर मायनसच्या बाजूला.

यापुढे अर्ध्या-अर्ध्याने जायचं. शब्दकोशात शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून वाचत नाही. मधे उघडतो, मग पुढे की मागे ते ठरवतो. आम्ही कोडमधला बग शोधतानाही हेच करतो. मायनसच्या वाटेवर मधला एक जोड निवडला. बॅटरीपासून तिथपर्यंत जवळपास शून्य. मग पुढचा जोड, तिथे १.३. या दोघांच्या मधे एक बोल्ट होता. आमच्या व्हॅनमध्ये फ्रिजचा मायनस थेट बॅटरीला नव्हता, बॉडीला अर्थ दिला होता. व्हॅन आधी कोकणात फिरलेली, खारी हवा लागलेली. बोल्टखाली पत्रा गंजलेला आणि वर रंगाचा थर.

बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, लग नवीन क्रिंप केला, घट्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. फ्रिजवर चालू असताना १२.१. अठरा हजारांची बॅटरी बदलली असती तरी गंजलेला बोल्ट तिथेच राहिला असता.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. १.४ व्होल्ट गुणिले ५ ॲम्पिअर म्हणजे ७ वॉट उष्णता, एका बोल्टवर, रात्रभर. साध्या सोल्डरिंग आयर्नमध्ये २५ वॉट असतात. हाच जोड जास्त करंटच्या लाइनवर असता तर बाजूचं प्लायवूड आणि फोम काळे पडायला वेळ लागला नसता. आणि त्याच फोमला टेकून आपण झोपतो.

०६:४० फ्यूज कुणाला वाचवतो?

"१२ व्होल्ट आहे, शॉक लागत नाही, घाबरायचं काय?" हे वाक्य मी खूप ऐकलंय. शॉकचं बरोबर आहे. आगीचं नाही. बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो ॲम्पिअर करंट वायरमधून जातो आणि वायर हीटरच्या कॉइलसारखी तापते.

फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी नसतो, तो *वायरला* वाचवतो. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या प्लसला लागून, शक्य तितकी जवळ. फ्यूजच्या आधीची वायर बिनसंरक्षणाचीच राहते, हे विसरू नका.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणून १५ च्या जागी ३० चा टाकणं म्हणजे धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढणं. आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग अजूनही आहेत. तो उडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय. आधी त्या लाइनवरची सगळी उपकरणं काढा. तरीही उडाला तर वायर कुठेतरी पत्र्याला घासून सोललीय. दारं, सीटखालचे कोपरे, पत्र्यातून वायर जाते ती भोकं बघा. नाही उडाला तर एकेक उपकरण जोडत जा. कुठलं जोडल्यावर उडतो, तेच दोषी.

इन्व्हर्टरचा हिशोबही करून ठेवा. १८०० वॉटची इंडक्शन शेगडी १२ व्होल्टवर चालवायची तर १८०० भागिले १२ म्हणजे १५० ॲम्पिअर आणि इन्व्हर्टरचा तोटा धरला तर त्याहून जास्त. तिथे जाड केबल, तिला साजेसा फ्यूज आणि हायड्रॉलिक क्रिंप केलेले लग लागतात. पक्कडीने दाबलेला लग तिथे चालत नाही. शेगडी लावली की इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून ओरडतो आणि काढली की गप्प होतो? फ्रिजवालीच टेस्ट या केबलवर करा.

२३० व्होल्टच्या बाजूला मात्र मीटर घेऊन प्रयोग नकोत. तिथे शॉक जीव घेतो. त्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे ना आणि टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो ना, एवढं आपण बघायचं. बाकी लायसन्सवाल्या वायरमनचं काम.

०८:५० घाट: चढताना इंजिन, उतरताना ब्रेक

आता यांत्रिक बाजू. कॅम्परचं वेगळेपण एकच: ती *कायम* भरलेली असते. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. त्यात फर्निचर, बॅटऱ्या, सामान. रिकाम्या गाडीला जे जमतं ते हिला जमत नाही.

चढताना टेंपरेचरचा काटा वर जायला लागला तर एसी बंद करा आणि केबिनचा हीटर असेल तर फुल करा. घाम येईल, पण इंजिनची थोडी उष्णता बाहेर जाईल. तरीही काटा उतरत नसेल तर जागा बघून थांबा. काटा वर आणि त्याच वेळी बॅटरीचा लाल दिवा चालू, असं दोन्ही दिसलं तर बहुतेक फॅनबेल्ट तुटलाय. बऱ्याच इंजिनांत एकच बेल्ट अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो. अशा वेळी इंजिन लगेच बंद करा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणत रेटलं तर हेड गॅस्केट जातं. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं, झाकण उघडताच तोंडावर उडतं.

उतार जास्त धोक्याचा. साडेतीन टनांची व्हॅन ५०० मीटर उंची उतरते, तेव्हा साधारण १७ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे पावणेपाच युनिट वीज. घरातला २ किलोवॉटचा गिझर दोन तास वीस मिनिटांहून जास्त चालवा, तेवढी उष्णता. फक्त ब्रेकवर उतरलात तर ती सगळी लायनर आणि डिस्कमध्ये जाते.

त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारचं नवीन ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेल्या ऑइलची मर्यादा १४० पर्यंत येते. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. ब्रेक 'फेल' होतात ते अनेकदा असे.

म्हणून चढताना जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार सुरू व्हायच्या *आधी* टाका. न्यूट्रल नको आणि डिझेल वाचवायला इंजिन बंद तर मुळीच नको, कारण ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनच्या जिवावर चालतो. दोनचार वेळा पेडल दाबलं की मदत संपते. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर थांबा आणि ब्रेक गार होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका. आणि ब्रेक ऑइल कधी बदललंय हे कुणालाच आठवत नसेल, तर ट्रिपच्या आधी ते बदलून घ्या.

११:१० गॅस

हे थोडक्यात, पण सगळ्यात महत्त्वाचं. एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झाली तर गॅस खाली साचतो, बेडखाली, कपाटाच्या तळाशी. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला *तळाशी* बाहेर उघडणारं भोक हवं. गळती साबणाच्या पाण्याने शोधायची, काडी पेटवून नाही. वास आला तर सिलिंडर बंद, दारं उघडी, सगळे बाहेर. दिवा किंवा एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबू नका, ठिणगी तिथेच पडते.

आणि थंडीत ऊब हवी म्हणून बंद व्हॅनमध्ये शेगडी किंवा कोळसा पेटता ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जागही येत नाही. त्याचा डिटेक्टर बसवा.

१२:०० जाता जाता

एक वही ठेवा, किंवा फोनमधली नोट. गाडी *चांगली* असताना सगळी मापं घेऊन लिहा: बॅटरीचं व्होल्टेज, फ्रिजवरचं व्होल्टेज, इंजिन चालू असतानाचं चार्जिंग, टायरमधली थंड असतानाची हवा. प्रत्येक फ्यूज कशाचा आहे त्याचा फोटो काढा. बिघडल्यावर "हे नेहमी एवढंच असतं का?" या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं. आणि गॅरेजमध्ये गेल्यावर "चालत नाही" असं सांगू नका. "फ्रिज चालू असताना मायनसच्या बाजूला १.४ व्होल्ट पडतायत," असं सांगा. काका आधी तुमच्याकडे बघतील आणि मग थेट त्या बोल्टकडे.

तुमच्या व्हॅनमध्ये एखादा न सापडणारा बिघाड असेल तर व्हॉइस नोट पाठवा, मापांसकट. पुढच्या एपिसोडमध्ये दोनतीन केसेस एकत्र सोडवू. तोपर्यंत उतारावर गिअरमध्ये राहा. भेटू!