भिंतीवर स्टिकर लावताय? आधी भिंत बघा!

स्टिकर किती टिकणार, हे भिंतच ठरवते. हात फिरवून बघा. तळव्याला पांढरी भुकटी लागली तर व्हिनाइलचा स्टिकर तिथे धरत नाही, भुकटी घेऊनच खाली येतो. गुळगुळीत इमल्शन किंवा ऑइलपेंट उत्तम. रंग ताजा असेल तर ३-४ आठवडे थांबाच. ओल धरलेल्या भिंतीचा नाद सोडा.

धूळ पुसून भिंत खडखडीत वाळू द्या. खरी मजा पुढे! मागचा कागद एकदम काढू नका. वरचा दोन बोटं भाग चिकटवा, मग कागद हळूहळू खाली ओढत, फडक्यात गुंडाळलेली फूटपट्टी मधून कडांकडे फिरवा. बुडबुडा राहिलाच तर टाचणीने टोचून दाबा. पुढे स्टिकर काढताना हेअर ड्रायरची ऊब द्या आणि कोपऱ्यापासून सावकाश सोला.