नादारीच्या सुनावणीची तयारी

कर्ज फेडणे अशक्य झालेल्या शेतकऱ्यास १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. सुनावणीत बँक, सोसायटी, सावकार असे सर्व धनको त्यास प्रश्न विचारू शकतात. म्हणून प्रत्येकाचे नाव, पत्ता व देणे रक्कम आधीच लिहून काढावी. मेहुण्याचे हातउसने पैसेसुद्धा. सातबारा, पासबुके, खतांची बिले जवळ ठेवावीत.

जप्तीच्या धास्तीने कोणी बैल भावकीच्या गोठ्यात नेऊन बांधतो. तसे मुळीच करू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतीची अवजारे, गरजेपुरती जनावरे, बियाणे व शेतकऱ्याचे राहते घर जप्तीतून वगळलेले आहे. उलट, मालमत्ता हेतुपुरस्सर लपविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तारण दिलेल्या जमिनीवरील बँकेचा हक्क मात्र नादारीनेही सुटत नाही.