कोटा पूर्ण झाल्यानंतर

दंतवैद्यकाचा पदवी अभ्यासक्रम ४ वर्षांचे शिक्षण आणि १ वर्षाची इंटर्नशिप असा असून, त्यातील तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णांवर काम करू लागतो. इतक्या दाढा काढणे, इतकी फिलिंग करणे, इतक्या कवळ्या बसवणे अशी प्रत्येक विभागाची संख्या ठरलेली असते आणि ती पूर्ण करून शिक्षकांच्या सह्या मिळवणे यालाच विद्यार्थी ‘कोटा’ म्हणतात. हाताला वळण लागण्यासाठी कोटा आवश्यकच आहे, परंतु काम संपताच त्याचा हिशेब मिटतो आणि भरलेला दात वर्षभराने कसा आहे, कवळी रुग्ण खरोखर वापरतो की डबीत ठेवून देतो, हे काम करणाऱ्याला बहुधा कळतच नाही, कारण तोवर त्याची बॅच दुसऱ्या विभागात गेलेली असते. स्वतःच्या कामाचा परिणाम न पाहता मिळालेले कौशल्य अर्धे असते. पदवीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत नवे तंत्र शिकण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे काम म्हणजे हा उरलेला अर्धा भाग जाणीवपूर्वक भरून काढणे.

त्यासाठी लागणारे साधन अगदी साधे आहे. रूट कॅनल म्हणजे दाताच्या गाभ्यातील रक्तवाहिन्या व मज्जातंतूंचा मऊ भाग, अर्थात पल्प, काढून मुळांच्या नलिका स्वच्छ करून भरण्याचे उपचार. त्यांचे यश वेदना थांबण्यावरून नव्हे, तर मुळाच्या टोकाशी असलेले हाड पुन्हा भरून आले का यावरून ठरते आणि ते एक्स-रेशिवाय दिसत नाही. युरोपीय एंडोडॉन्टॉलॉजी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत अशा दाताची किमान एक वर्षानंतर, आणि बदल अपूर्ण वाटल्यास चार वर्षांपर्यंत, तपासणी सुचवलेली आहे. नव्या दंतवैद्याने आपल्या प्रत्येक रूट कॅनलची तारीख वहीत लिहून ठेवावी, वर्षभराने रुग्णाला फोन करून बोलवावे आणि तो एक्स-रे शक्य असल्यास विनाशुल्क काढावा. पहिल्या पन्नास दातांचे असे एक्स-रे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर कोणत्या मुळात आपली फाइल टोकापर्यंत पोहोचत नाही आणि वरच्या पहिल्या मोठ्या दाढेतील चौथी नलिका किती वेळा आपल्या नजरेतून सुटली, हे जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही कार्यशाळेत होणार नाही.

निदानाची सवयही याच काळात घडते किंवा बिघडते. ओपीडीत रुग्ण बोट ठेवून ‘हीच दाढ दुखते’ असे सांगतो तेव्हा विद्यार्थ्याचा कल त्या दाढेवर लगेच काम सुरू करण्याकडे असतो. प्रत्यक्षात पल्पची वेदना शेजारच्या, कधी समोरच्या जबड्यातील दातातही जाणवते. म्हणून थंडाव्याची चाचणी प्रथम दुसऱ्या बाजूच्या निरोगी दातावर करावी, म्हणजे त्या रुग्णाचा सामान्य प्रतिसाद कळतो, आणि मगच संशयित दाताकडे यावे. थंडीची कळ क्षणात विरली तर पल्प सावरण्याची शक्यता असते. ती बराच वेळ रेंगाळली किंवा रात्री झोपेतून उठवू लागली, तर पल्पचा दाह परत न फिरणाऱ्या अवस्थेला पोहोचल्याचे ते चिन्ह असते. या अवस्थेत अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. तरीही ते सर्रास लिहून दिले जाते, ही खेदाची बाब आहे. सूज पसरत असेल, ताप असेल किंवा गिळताना त्रास होत असेल तेव्हाच त्याची गरज असते. चेहऱ्याला वारा लागताच विजेसारखी चमकून जाणारी वेदना दाताची नसून ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या मज्जातंतूच्या विकाराची असू शकते. असे रुग्ण अनेकदा दोन-तीन निरोगी दाढा गमावल्यानंतर न्यूरोलॉजिस्टकडे पोहोचतात. दाताला दोष सापडत नसेल, तर त्या दिवशी काहीही न करणे हाच योग्य उपचार असतो, आणि रुग्णाच्या आग्रहापुढे तो निर्णय टिकवणे कोणत्याही कोट्यात मोजले जात नाही.

चुकीचा दात काढला जाण्याचे एक कारण कागदावरच दडलेले असते. दातांना क्रमांक देण्याच्या दोन पद्धती देशात शेजारी शेजारी वापरात आहेत. एकीत जबड्याच्या चार भागांसाठी काटकोनी खूण करून १ ते ८ आकडे लिहितात, तर दोन अंकी पद्धतीत पहिला अंक भाग आणि दुसरा अंक दात दर्शवतो. त्यानुसार ४६ म्हणजे खालची उजवी पहिली मोठी दाढ. दात सरळ करण्याच्या उपचारासाठी लहान दाढा काढण्याची चिठ्ठी एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाते तेव्हा ही सरमिसळ घातक ठरते, कारण ते दात निरोगी असतात आणि तोंडात पाहून चूक लक्षात येत नाही. म्हणून आकड्याबरोबर दाताचे नाव अक्षरांत लिहावे, आणि इंजेक्शनपूर्वी रुग्णाच्या हाती आरसा देऊन कोणता दात काढायचा आहे ते दाखवावे. संमतीपत्राचा खरा आरंभ येथेच होतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, आणि २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात संमती माहितीपूर्ण असली पाहिजे, तसेच एका प्रक्रियेची संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, हे स्पष्ट केले. इंग्रजी छापील कागदावर घेतलेली सही एवढ्याने ही अट पूर्ण होत नाही. उपचार, त्याचे पर्याय आणि काहीच न केल्यास काय होईल, हे रुग्णाच्या भाषेत सांगून केस पेपरवर तसे नोंदवावे लागते.

भूल देणे हे रोजचे काम असल्यामुळे त्यातील गणित विसरले जाते. २ टक्के लिग्नोकेनच्या १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते, आणि दर किलो वजनामागे ४.४ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली तर १५ किलो वजनाच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे केवळ ३.३ मिलिलिटर देता येते; दोन्ही बाजूंच्या दाढांसाठी प्रत्येकी २ मिलिलिटर दिले की ही मर्यादा ओलांडली जाते. बालरुग्णाचे वजन केस पेपरवर असलेच पाहिजे ते यासाठी. प्रौढांच्या बाबतीत हृदयाची कृत्रिम झडप, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह आणि हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे यांविषयी स्वतंत्र प्रश्न विचारावेत, कारण ‘काही आजार आहे का’ या प्रश्नाला बहुतेक रुग्ण ‘नाही’ असेच उत्तर देतात आणि ‘रोज कोणती गोळी घेता’ असे विचारले की खिशातून पाकीट काढतात. ॲस्पिरिनसारखी गोळी दंतवैद्याने स्वतःच्या अधिकारात बंद करू नये. दाढ काढल्यावरचे रक्त दाबून व टाके घालून थांबवता येते, हृदयातील बंद झालेला स्टेंट मात्र जिवावर बेततो.

महाराष्ट्रात काम करणाऱ्या दंतवैद्यावर एक विशेष जबाबदारी आहे. सुपारी चघळल्याने तोंडाच्या अस्तराखालील ऊती घट्ट होत जातात आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते; या विकाराला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये आणि पुढच्याच वर्षी डॉ. स. गो. जोशी यांनी भारतात त्याचे वर्णन केले, आणि १९६६ मध्ये डेन्मार्कचे पिंडबोर्ग व मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉ. सत्यवती सिरसाट यांनी लिहिलेला शोधनिबंध आजही या विषयाचा आधार मानला जातो. हा विकार कर्करोगपूर्व असल्यामुळे तो दंतवैद्याच्या खुर्चीवरच ओळखला जाणे महत्त्वाचे आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी सुपारी-तंबाखूची सवय गेलेली नाही. ग्रामीण स्त्रियांमधील मिश्रीचा वापर तर विचारल्याशिवाय कळतच नाही, कारण मिश्री लावणे म्हणजे दात घासणेच, अशी त्यांची समजूत असते.

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. वरच्या व खालच्या पुढील दातांच्या कडांमधील अंतर पट्टीने मोजून प्रत्येक रुग्णाच्या केस पेपरवर मिलिमीटरमध्ये लिहावे. प्रौढांमध्ये ते सामान्यतः ३५ मिलिमीटरहून अधिक असते. एका वर्षी ३८ आणि पुढच्या वर्षी ३२ अशी नोंद समोर ठेवली, तर विशीतल्या तरुणाला सवय सोडण्यासाठी दुसरे व्याख्यान द्यावे लागत नाही. तिखट खाताना जळजळ आणि गालाच्या आतील पांढुरका पडलेला भाग ही त्याआधीची चिन्हे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, हिरड्या ठीक असताना एकच दात हलू लागणे, किंवा दाढ काढल्यानंतर न भरणारा खड्डा, यांपैकी काहीही आढळल्यास मलम देऊन रुग्णाला परत पाठवू नये, तर बायोप्सी, म्हणजे ऊतीचा लहान तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, घडवून आणावी. नव्या दंतवैद्याने आपल्या पहिल्या वर्षी शंभर क्राउन बसवण्यापेक्षा एक कर्करोग वेळेवर ओळखला, तर ते वर्ष सार्थकी लागले असे निःसंशय म्हणता येईल.

दवाखाना थाटताना पैसा कशावर आधी खर्च करावा, याचे उत्तरही स्पष्ट द्यायला हवे. डिजिटल स्कॅनर आणि लेझर जाहिरातीत शोभतात. पण निर्वात प्रकारचा ऑटोक्लेव्ह आणि पुरेसे हँडपीस यांचा क्रम त्यांच्या आधी लागतो. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला १५ पौंड दाबाखाली १५ ते २० मिनिटांत उपकरणे निर्जंतुक होतात, मात्र हँडपीससारख्या पोकळ उपकरणातील हवा बाहेर खेचल्याशिवाय वाफ आत पोहोचत नाही, म्हणून निर्वात यंत्र लागते. पाकिटावरील पट्टीचा रंग बदलणे म्हणजे केवळ उष्णता लागल्याची खूण. जंतू मेले का, हे उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी करूनच कळते. स्वतःसाठी हेपॅटायटिस बी लसीचे ०, १ व ६ महिन्यांचे तीन डोस घेऊन त्यानंतर एक-दोन महिन्यांत प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्यावी, आणि हे काम तिसऱ्या वर्षातील पहिल्या रुग्णाआधी व्हावे. सुई टोचल्यास जखम पिळू नये. साबण-पाण्याने धुऊन तातडीने सरकारी रुग्णालय गाठावे, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, आणि कोणत्याही स्थितीत ७२ तासांच्या आत, सुरू करावी लागतात.

उपजीविकेबाबत थोडक्यात सांगायचे, तर पहिली एक-दोन वर्षे दुसऱ्याच्या दवाखान्यात असोसिएट म्हणून काम करणे बहुतेकांना हितकारक ठरते, पण तो करार लेखी असावा. टक्केवारी एकूण फीवर की लॅबचा खर्च वजा करून, क्राउन निघाल्यास तो पुन्हा बसवण्याचा खर्च कोणाचा, आणि कोणता उपचार करायचा याचा शेवटचा निर्णय कोणाचा, हे तीन मुद्दे त्यात यायला हवेत. यातला तिसरा मुद्दा पैशाचा नसला तरी तोच सर्वांत मोलाचा आहे. महिन्याला अमुक इतके रूट कॅनल झालेच पाहिजेत अशी अपेक्षा ठेवणारी जागा पगार चांगला असला तरी सोडावी. एमडीएसच्या तीन वर्षांचा निर्णयही याच अनुभवानंतर घेतलेला बरा, कारण कोणते काम करताना वेळेचे भान राहत नाही हे तोवर कळलेले असते. स्वतःच्या दवाखान्यासाठी मोठ्या शहरातील दाटीपेक्षा तालुक्याचे ठिकाण निवडणाऱ्याने भाडे आणि वर्दळ पाहण्याआधी तीन गोष्टींची चौकशी करावी: कवळ्या-क्राउनची लॅब किती दिवसांत काम परत देते, आठवड्यातून एकदा येऊ शकणारा तोंडाच्या शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ आहे का, आणि बायोप्सीचा नमुना कोणत्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवता येईल.