बाकड्याखालची पिठी

बांधावरच्या बाभळीचे लाकूड कापवून घरीच केलेले बाकडे ओसरीवर आले, की येणाऱ्या-जाणाऱ्याला हक्काची जागा मिळते. परंतु वर्ष-दीड वर्षानंतर एखाद्या सकाळी त्याच्या पायाशी मैद्यासारखी बारीक पिठी सांडलेली आढळते. ती झाडून काढावी, तर दोन दिवसांत पुन्हा तेवढीच. अशा वेळी दोष वाळवीला दिला जातो आणि कीटकनाशक जमिनीत ओतले जाते. जमिनीतून येणारी वाळवी मात्र मातीच्या नळ्या बांधत चढते, अशी कोरडी पिठी ती सांडत नाही. ही करणी लिक्टस किंवा सायनोझायलॉन या वंशांतील भुंगेऱ्यांची असते. ते लाकडातूनच घरात आलेले असतात.

लिक्टसच्या अळीला लाकडातील सेल्युलोज पचत नाही. तिला हवा असतो स्टार्च आणि तो साठलेला असतो सालीलगतच्या फिकट थरात, म्हणजे रसकाष्ठात. आतल्या गडद गाभ्यात तो जवळजवळ नसतोच. मादी लाकूड चावून स्टार्चची पारख करते आणि मगच रसवाहिन्यांच्या उघड्या तोंडांत अंडी घालते. देवदार, चीड यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडात अशा वाहिन्या नसतात. त्यामुळे हे संकट रुंदपर्णी, ‘टणक’ म्हणून नावाजलेल्या लाकडाच्याच वाट्याला येते. टणकपणा येथे मुळीच कामी येत नाही. सागाच्या कीर्तीचेही तसेच आहे. ती कीर्ती गाभ्याने मिळवलेली आहे, सालीकडच्या पांढुरक्या लाकडाने नव्हे. कोवळ्या सागाच्या ओंडक्यात हा पांढरा भागच मोठा असतो आणि गडद रंगाचे पॉलिश चढले, की तो ओळखू येत नाही.

म्हणून बाकड्याचे आयुष्य ठरते ते रंध्याखाली नव्हे, तर ओंडका करवतीखाली जातो त्या दिवशी. सायनोझायलॉनचे भुंगेरे ताज्या तोडलेल्या लाकडातच शिरत असल्याने साल लगेच सोलून ओंडका लवकर कापून घ्यावा. पाय, आडव्या पट्ट्या आणि बैठकीच्या फळ्या शक्यतो गाभ्याच्या असाव्यात. बाभळीत रसकाष्ठ बरेच असते आणि सगळे टाकून देणे शेतकऱ्याला परवडत नाही. त्यासाठी बोरॉनची प्रक्रिया उपयोगी पडते. बोरिक आम्ल 1 भाग आणि टाकणखार दीड भाग गरम पाण्यात विरघळवून फळ्या ओल्या असतानाच त्यात बुडवाव्यात. मग त्या प्लास्टिकखाली झाकून 3–4 आठवडे ठेवाव्यात. लाकडातील ओलाव्यातूनच क्षार आत पसरतो, त्यामुळे वाळलेल्या फळीवर नुसता हात फिरवून हे साधत नाही. काम हातमोजे घालूनच करावे. द्रावण मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे. पावसाने बोरॉन धुऊन जातो, तेव्हा अंगणात उघड्यावर राहणाऱ्या बाकड्यासाठी हा उपाय नव्हे.

त्यानंतर फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, जमिनीपासून उचलून, सावलीत थप्पी लावावी. इंचभर जाडीला वर्षभर, हा सुतारांचा जुना आडाखा टणक लाकडाला आजही लागू पडतो. घाई केल्यास कुसू आक्रसते, सांधा ढिला होतो आणि बाकडे कुरकुरू लागते.

जोडकामात सुताराचा हात तरबेज असतोच. चूक होते ती अखेरीस. वरची बाजू आरशासारखी चमकवली जाते आणि खालची, कोणाला न दिसणारी बाजू कोरी सोडली जाते. अंडी घालणाऱ्या मादीला नेमकी हीच उघडी छिद्रे हवी असतात. तेल किंवा वॉर्निश बैठकीच्या खाली, पायांच्या तळांना आणि फळ्यांच्या टोकांनाही लावावे. अर्थात अळी आधीच आत असेल, तर तयार झालेला भुंगेरा वॉर्निशही पोखरून बाहेर पडतो.

घरात जुने बाकडे असेल, तर नुसती छिद्रे पाहून घाबरू नये. ती कदाचित कित्येक वर्षांपूर्वी उडून गेलेल्या भुंगेऱ्यांची असतील. जागा स्वच्छ करून बाकड्याखाली काळा कागद अंथरावा आणि काही आठवडे अधूनमधून पाहावा. त्यावर ताजी पिठी पडली, तर कीड अजून आत आहे.