अंधार फिल्मला हवा, रसायनांना नको

‘रोल धुवायला टाकलाय’ हे वाक्य पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घरोघरी ऐकू यायचे. मुंज, लग्न किंवा सहल आटोपली की छत्तीस फोटोंचा रोल कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जायचा. मोबाइल आला आणि ते स्टुडिओ बंद तरी पडले, नाहीतर झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोंवर आले. आता आजोबांच्या कपाटातला जुना कॅमेरा बाहेर काढून कृष्णधवल फिल्मवर फोटो काढणारी तरुण मंडळी पुन्हा दिसू लागली आहेत. रोल धुऊन देणारे जवळपास कोणी सापडत नाही, म्हणून ती हे काम घरीच करतात. जागा बहुधा ठरलेली असते : बाथरूम. दार लावायचे, फटीत टॉवेल कोंबायचा, दिवा मालवायचा आणि आत तासभर रसायनांशी खेळायचे.

घरी फिल्म धुणे मराठी घराला नवे नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे ही कामे सरस्वतीबाईंनी घरातच केली होती. छंद सुंदर आहे आणि थोडी शिस्त पाळली तर सुरक्षितही आहे. मात्र तासभर दार बंद करून बसण्याची त्यात काहीच गरज नसते.

अंधार किती वेळ?

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो. त्यात चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. ज्या स्फटिकांवर प्रकाश पडतो, त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारा बदल होतो. डेव्हलपर नेमक्या त्याच स्फटिकांचे धातुरूप चांदीत रूपांतर करतो आणि चांदीचे हे बारीक कण काळे दिसतात. नंतर साधे पाणी किंवा सौम्य ॲसेटिक ॲसिड डेव्हलपरचे काम थांबवते. फिक्सर, म्हणजे जुन्या भाषेत हायपो, उरलेले क्षार विरघळवून टाकतो. शेवटी पाण्याने धुतले की निगेटिव्ह तयार.

या सगळ्यात पूर्ण अंधार लागतो तो फक्त रोल रिळावर चढवून टाकीत बंद करेपर्यंत. सराव झाला की हे पाच मिनिटांचे काम. ते बाह्या असलेल्या काळ्या कापडी पिशवीतही करता येते. टाकीचे झाकण असे असते की, द्रव आत जातो, प्रकाश जात नाही. म्हणजे प्रत्येक रसायन दिवसाउजेडी, उघड्या खिडकीजवळ, पंखा चालू ठेवून वापरता येते. चित्रपटांत दिसणारा लाल दिवा कागदावर फोटो छापतानाचा. आजच्या बहुतेक कृष्णधवल फिल्मना तोही चालत नाही, आणि टाकी बंद झाल्यावर त्याची गरजही नसते.

बाथरूमचा धोका

फिक्सर उघडला की जळत्या काडीसारखा उग्र वास येतो. तो सल्फर डायऑक्साइडचा. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण नगण्य असते. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये मात्र तो साठतो. निरोगी माणसाला त्यामुळे खोकला येईल, घसा खवखवेल. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका थोड्याशा वायूनेही आकसू शकते. त्यामुळे दमा असणाऱ्याने हे काम गॅलरीत किंवा खिडकीशी करावे आणि इनहेलर हाताशी ठेवावा.

बाथरूममध्ये आणखी एक गोष्ट असते, फरशी घासायचे ॲसिड. बारावीच्या प्रयोगशाळेत सोडियम थायोसल्फेटमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकून द्रावण गढूळ होताना अनेकांनी पाहिले असेल. तो थायोसल्फेट म्हणजेच हायपो. गढूळपणा गंधकाचा असतो आणि त्याबरोबर सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. प्रयोगशाळेत हे परीक्षानळीभर असते. मोरीत ओतलेल्या लिटरभर फिक्सरवर कोणी ॲसिड टाकले तर ते तेवढ्यावर भागत नाही. ब्लीचिंगचे द्रावणही फिक्सरवर ओतू नये, त्यातूनही घातक वायू निघतात.

हातांवर उठणारे डाग

सर्वांत प्रसिद्ध डेव्हलपर कोडॅकचा डी-७६, १९२७ पासूनचा. त्याच्या एका लिटरमध्ये २ ग्रॅम मेटॉल, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि २ ग्रॅम बोरॅक्स असते. मात्रा सर्वांत कमी असलेल्या मेटॉलपैकीच त्वचेला जास्त भीती. काही जणांना त्याची ॲलर्जी जडते : बोटांना खाज, लाली, पुरळ, मग भेगा. एकदा शरीराने मेटॉल ‘ओळखले’ की पुढच्या वेळी अगदी थोडेसे लागले तरी त्रास होतो, आणि ही ॲलर्जी सहसा जात नाही. काळ्या हेअर डायने ज्यांना पुरळ उठते, त्यांनी विशेष जपावे. दोन्हींतली रसायने एकाच जातकुळीची आहेत. हायड्रोक्विनोन तर ओळखीचेच. चेहऱ्यावरचे डाग घालवण्याच्या काही मलमांत ते असते आणि डॉक्टर ते मर्यादित काळासाठीच देतात. मनाने वर्षानुवर्षे लावले तर तेच कातडी काळवंडून टाकते.

उपाय सोपा आहे. नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि फिल्म हाताने नव्हे, चिमट्याने धरावी. पावडर मिसळताना मास्क लावावा आणि पावडर हळूहळू पाण्यात सोडावी. मेटॉलऐवजी फेनिडोन असलेले डेव्हलपर मिळतात. त्यांनी ॲलर्जी कमी होते. १९९६ साली आलेल्या एक्सटॉलमध्ये क जीवनसत्त्वाच्याच कुळातले रसायन वापरले आहे. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व यांपासूनही डेव्हलपर बनतो; अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९९५ साली तो प्रयोग झाला. पण स्वयंपाकघरातली कॉफी घातली म्हणून ते पेय होत नाही. सोड्यामुळे ते द्रावण डोळ्यांना आणि घशाला चांगलेच भाजते.

विष आणि उतारा

थायोसल्फेट चांदीचे क्षार विरघळवते, हे जॉन हर्षेल यांनी १८१९ साली दाखवले आणि १८३९ पासून ते छायाचित्रणात आले. पुढे १८५१ नंतरच्या ओल्या काचेच्या पद्धतीत अनेक छायाचित्रकार त्याऐवजी पोटॅशियम सायनाइड वापरत. सायनाइडच्या विषबाधेवर औषधी शुद्धतेचे सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिले जाते. एकाच कामासाठी वापरलेल्या दोन पदार्थांपैकी एक विष, दुसरा त्याचा उतारा! आजच्या छंदात सायनाइड नाही, हे आपले भाग्य. मात्र डार्करूममधला हायपो औषध नव्हे. वापरलेल्या फिक्सरमध्ये तर चांदीही उतरलेली असते.

बाटली कोणती?

सर्वांत मोठा धोका बाटलीचा आहे. डेव्हलपर हवेने खराब होतो, म्हणून तो दाबून हवा काढता येणाऱ्या शीतपेयाच्या बाटलीत भरायची युक्ती बरेच जण करतात. ताजा डेव्हलपर पाण्यासारखा दिसतो, जुना कोऱ्या चहासारखा. उन्हाळ्यात तो थंड राहावा म्हणून फ्रिजमध्येही जातो. शीतपेयाच्या बाटलीतले रॉकेल किंवा फिनेल प्यालेली मुले सरकारी रुग्णालयांच्या बालविभागाला नवीन नाहीत. त्यांत डेव्हलपरची भर नको.

डेव्हलपर साधारण २० अंश सेल्सियसला वापरतात. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणीच तिशीपार जाते. अशा वेळी बाटली बर्फाच्या पाण्याच्या बादलीत ठेवावी, फ्रिजमध्ये नाही. तापाचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, तो इतके खालचे तापमान दाखवत नाही. मोजपात्र, चमचा, बादली वेगळी ठेवावी. ती पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये. बाटली रसायनाचीच घ्यावी आणि कुलपात ठेवावी.

अपघात झालाच तर डोळे वाहत्या पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे धुवावेत, लेन्स असल्यास काढावी आणि लगेच नेत्रतज्ज्ञ गाठावा. रसायन पोटात गेले असेल तर उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. १०८ ला फोन करावा आणि रुग्णाबरोबर ती बाटलीही रुग्णालयात न्यावी. डॉक्टरांना आत काय होते हे कळले, तर उपचाराचा मौल्यवान वेळ वाचतो.

धुऊन झाल्यावर

वापरलेला डेव्हलपर भरपूर पाण्याबरोबर ड्रेनेजमध्ये सोडता येतो. फिक्सर मात्र मोरीत, सेप्टिक टँकमध्ये किंवा झाडांना घालू नये. त्यातली चांदी पाण्यातल्या सूक्ष्मजीवांना आणि जलचरांना मारक असते. एक्स-रेच्या फिल्मही पूर्वी याच पद्धतीने धुतल्या जात आणि वापरलेल्या हायपोतून चांदी काढली जाई. फिक्सर कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्या व्यावसायिकाकडे द्यावा. घरी चांदी काढायच्या नादात त्यात अमोनिया वगैरे मिसळणे जिवावर बेतू शकते. चांदीची काही संयुगे स्फोटक असतात.

निगेटिव्ह सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापून पाकिटात ठेवाव्यात, छत्तीसच्या रोलच्या सहा पट्ट्या होतात. दमट हवेत, विशेषतः कोकणात, जिलेटिनवर बुरशी चढते, म्हणून डब्यात सिलिका जेल टाकावे. डांबरगोळ्या नकोत. त्यांतल्या नॅप्थलीनने जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. जुन्या निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर त्या फिल्मचा पाया कुजू लागला आहे असे समजावे. ती लगेच इतरांपासून वेगळी करून स्कॅन करून घ्यावी.

प्रत्येक पाकिटावर छंदिष्ट मंडळी तारीख, जागा, कॅमेरा असे सगळे हौसेने लिहितात. त्याच पेनाने बाटलीवरही तीन गोष्टी लिहाव्यात : रसायनाचे नाव, तयार केल्याची तारीख आणि ठळक अक्षरांत ‘विष’.