कातर बाजूला, आधी कंगवा

चैत्राची यात्रा उरकली, तरी सोनारीतली माकडं अजून नारळ-खोबऱ्याच्या आशेनं भैरवनाथाच्या देवळाभोवती घुटमळतायत. तिथून मळ्याच्या वाटेला लागलं की कडुनिंबाखाली धनगराची वस्ती लागते आणि तिथं आज कातरणी चाललीय. ऊन तापायच्या आत मेंढरं उरकायची म्हणून उजाडताच सुरुवात झालीय. पाय बांधून आडवं घातलेलं मेंढरू, पोटाकडून पाठीकडं सरकणारी लोखंडी कातर आणि गोणपाटावर सलग उलगडत जाणारी काळी-पांढरी लोकर. आबांचं वय झालंय, पण हात थरथरत नाही. कातरीचं पातं कातडीला लागून चालतं आणि तरी कुठं रक्ताचा ठिपका दिसत नाही.

शेवटचं मेंढरू पाय झाडत उठतं. आबा कातर धोतराला पुसतात आणि हाक देतात, "आण गं त्या मोत्याला. त्याचंबी उरकून टाकू."

मोत्या पत्र्याच्या शेडच्या खांबाला बांधलेला आहे. पांढरा, टोकदार कानांचा, झुबकेदार शेपटीचा. गावोगाव ज्याला सगळे पॉमेरियन म्हणतात, तो हा खरा तर इंडियन स्पिट्झ. 1994 च्या 'हम आपके हैं कौन' मधल्या टफीनं ज्याला घरोघरी पोचवलं, तेच हे कुत्रं. शहरातल्या कुणीतरी नको झाला म्हणून इकडं आणून सोडलेला हा मोत्या आता पांढरा कमी आणि मातकट जास्त दिसतो. जीभ हातभर बाहेर, फासळ्या भात्यासारख्या खालीवर. कानामागं केसांच्या गाठी झाल्यायत, मागच्या मांड्यांवर तर जटाच.

आबांची नात त्याला घेऊन येते. ती उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकते, सुट्टीला आलीय. कातर बघून ती मोत्याला आपल्या गुडघ्याशी ओढून धरते.

"आबा, कातर नको. ठेवा ती खाली."

"अगं, जीव कासावीस झालाय त्याचा. मेंढराला मोकळं वाटतंय, मग ह्याला का न्हाई?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पुण्या-मुंबईतही उन्हाळा लागला की लोक याच मायेपोटी लांब केसांच्या कुत्र्यांना दुकानात नेतात आणि अंगावरून मशीन फिरवून आणतात. एप्रिल-मेमध्ये असे भादरलेले स्पिट्झ, हस्की, गोल्डन रिट्रीव्हर मी पाहते. गुलाबी कातडी उघडी पडलेली, आणि मालक समाधानात की आता बिचाऱ्याला गार वाटत असेल. माया खरी असते, पण कुत्र्याच्या वाट्याला नेमकं उलटं येतं, आणि म्हणूनच ही पोरगी आता काय सांगते याकडं माझे कान लागलेत.

ती वाद घालत नाही. आबांनाच विचारते, "कातरलेलं मेंढरू तुम्ही लगेच उन्हात सोडता का?"

"न्हाई. सावलीला बसवतो. कातडं भाजतंय त्याचं."

"मग ह्याचं भाजणार न्हाई का?"

आबा गप्प होतात. कातर मात्र अजून हातातच आहे.

ती मोत्याच्या पाठीवर दोन्ही अंगठ्यांनी भांग पाडते आणि आबांना वाकून बघायला सांगते. मीही वाकते. वर लांब, सरळ, जरा राठ केस. त्यांच्या बुडाशी दाट, मऊ, कापसासारखी लव. केसांचे दोन थर अगदी उघड दिसतात. वरचा थर शेकारलेल्या छपराचं काम करतो. ऊन तिथंच अडतं, कातडीपर्यंत जात नाही. आतली लव थंडीसाठी असते, आणि हवा तापली की ती आपोआप सुटते. सुटते, पण बाहेर पडायला वाट नसते. वरच्या केसांत अडकून ती नमद्यासारखी दाबली जाते, वारा आत शिरत नाही, घाण साचते, आणि कुत्रं तापतं ते त्यामुळं. मेंढराची लोकर वाढतच राहते, म्हणून कातरावी लागते. ह्याची लव गळायलाच निघालीय, तिला फक्त विंचरून बाहेर काढायचंय.

"आणि भादरलं तरी घाम थोडाच येणार हाय त्याला?" ती म्हणते. कुत्र्याला घाम तळव्यांना थोडासा येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. त्यातही स्पिट्झसारख्या कुत्र्याचे केस बुडापासून काढले तर पुन्हा येताना कुठं विरळ, कुठं नुसती लव असे येतात, आणि कधी कधी चट्टे महिनोन्महिने उघडेच राहतात.

आबा कातर गोणपाटावर ठेवतात. "कर मग. बघतो."

तिच्याकडं दोन हत्यारं आहेत: बारीक वाकड्या तारांचा ब्रश आणि लांब दातांचा स्टीलचा कंगवा. मोत्याला कडुनिंबाच्या सावलीत कुशीवर निजवलेलं. सुरुवात पाठीपासून होईल असं मला वाटत होतं, पण ती मागच्या पायाच्या खालच्या कडेपासून लागते. डाव्या तळव्यानं वरचे केस दाबून धरायचे, खालची एक बारीक ओळ मोकळी सोडायची, तेवढीच बुडापासून टोकापर्यंत विंचरायची, मग पुढची ओळ. वरवर ब्रश फिरवला तर कुत्रं चकचकीत दिसतं, आतला गुंता तसाच राहतो. म्हणून प्रत्येक ओळीनंतर ती कंगवा घालून बघते. कंगवा अडला की परत ब्रश. पहिल्या काही ओळींतच तिच्या मांडीशी पांढऱ्या लवेचा ढीग साचतो. वारा आला की तो उडून मेंढरांच्या लोकरीत मिसळायला बघतो आणि आबा घाईनं गोणपाट बाजूला ओढतात.

काखेतली जट घट्ट आहे. मोत्या मान वळवून दात दाखवतो. ती थांबते, त्याची हनुवटी खाजवते. मग जटेच्या बुडाशी, कातडीला लागून, केस चिमटीत पक्के धरते, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. बोटांनी जटेचे उभे दोन भाग, मग चार भाग. थोडं खोबरेल. टोकाकडून सोडवत सोडवत बुडाकडं. कानामागची एक गाठ मात्र सुटायला तयार नाही. तिथं ती कंगवा कातडी आणि गाठ यांच्यामध्ये सरकवते आणि कात्री कंगव्याच्या वरूनच चालवते. कुत्र्याची कातडी गाठीबरोबर वर ओढली जाते, नुसत्या कात्रीनं हमखास कापते. आबा हे बघून मान डोलावतात. कातडी जपत पातं कसं चालवायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

गाठीखालची जागा लाल, ओलसर आहे, आणि तिथं दोन फुगलेले गोचीड. त्यांना ती चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढते आणि रॉकेलच्या डबीत टाकते. मेंढरांजवळ राहणाऱ्या कुत्र्याला गोचीड चुकत नाहीत. त्यांच्यामुळं येणारा ताप उन्हाळ्यात नुसती उन्हाची धाप समजून अंगावर काढला जातो, हे ती आबांना जरा कडक आवाजातच सांगते.

"मग पाणी घालायचं का आता?" आबा विचारतात. आंघोळ आत्ता, गुंता निघाल्यावर. आधी घातली असती तर जट भिजून आणखी आवळली असती. माणसाचा साबण नको, ती कुत्र्याचाच शांपू आणते, तोही बेतानं. फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी घालते, आणि पुसून झाल्यावर पुन्हा एकदा कंगवा. ओल आत तशीच राहिली तर कातडी लालबुंद होते.

कात्री खरी चालते ती दोनच ठिकाणी. तळव्यांच्या गाद्यांमधले केस ती गादीच्या बरोबरीनं कापते. तिथून कुसळाची तीन टोकं निघतात, एक तर आत रुतलेलं. आणि पोटाखालचे केस थोडे आखूड करते. कुत्रं पोट टेकून ओल्या मातीत बसतं, तेव्हा गारवा तिथूनच अंगात जातो. ल्हासा, शिह त्झू, पूडल यांची गोष्ट निराळी, असंही ती सांगते. त्यांचे केस वाढतच जातात, ते कापावेच लागतात. पण त्यांनाही कातडी दिसेल इतकं कापायचं नाही.

नऊ वाजून गेलेत. सावलीतसुद्धा झळ लागायला लागलीय. मोत्या उठून अंग झाडतो, आणि केस पहिल्यांदाच एकेक सुटे हलताना दिसतात. धाप आहे, पण सावकाश. नात त्याचा ओठ वर करून हिरड्या आबांना दाखवते: अशा फिकट गुलाबी असल्या की ठीक. लालभडक झाल्या, लाळ चिकट सुटली, चालताना झोकांड्या जायला लागल्या, की ते ऊन लागलं समजायचं. कुत्र्याचं अंग तसंही माणसापेक्षा गरम, 101 ते 102 फॅरनहाइट. 105 च्या पुढं गेलं तर जीव धोक्यात. मग बर्फ लावायचा नाही. साधं पाणी पोटावर, जांघेत, पायांवर घालत राहायचं, वारा घालायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

"आणि आबा, पत्र्याखाली बांधायचं न्हाई. एवढं विंचरलेलं वाया जाईल."

"मोकळं सोडलं तर माकडामागं पळतंय गं. भर दुपारी देवळापातूर जातंय, न् माकडं झाडावरनं त्याला खेळवतात." आबा मोत्याच्या मानेवरून हात फिरवतात. "भैरोबाचं वाहन हाय. मारून बसवता येत न्हाई."

दोघं उभे राहून कडुनिंबाकडं आणि पलीकडच्या चिंचेकडं बघतात. सकाळची सावली इथं, दुपारची तिथं. नात म्हणते, दोन्ही झाडांना आडवी तार ओढू, तारेत कडी, कडीला साखळी. सावली सरकेल तसा तोही सरकेल. पाण्याचं भांडं मातीचं, दोन्हीकडं एकेक.

"गोठ्यात द्राक्षाच्या बागेची तार पडलीय," आबा म्हणतात. "पक्कड घेऊन ये. दुपारच्या आत ओढू."